गवताचा पेरा जमिनीला विचार

बाळा, परवा फोनवर तू विचारलंस, "आजोबा, अष्टमीच्या वरकस जमिनीत गवताचं बी कोणत्या तारखेला टाकू?" तारीख मी सांगणार नाही. २०२३ साली मोसमी पाऊस मुंबईत पोचला तो २५ जूनला आणि २०२५ साली २६ मेलाच. जवळपास एका महिन्याचा फरक. आपलं रोहा-अष्टमी तिथून काही लांब नाही. तारखेला बांधून घेतलेला पेरा यातल्या एका साली तरी बुडालाच असता. म्हणून कानमंत्र एकच धर. बी आभाळ पाहून टाकायचं नाही, जमीन पाहून टाकायचं.

वळवाला भुलू नकोस. तरणा होतो तेव्हा वैशाखअखेर दोन संध्याकाळी चांगल्या सरी आल्या. मातीचा वास सुटला आणि मला धीर धरवला नाही. सगळं बी विसकटलं. पाचव्या-सहाव्या दिवशी माळ हिरवा झाला, मग दहा-बारा दिवस ऊन तापलं आणि सगळं करपून गेलं. भाताच्या दाण्यात रोपाला पुरेल एवढी शिदोरी असते, गवताच्या बारीक बियात ती नसते. एकदा मोड आला की त्याला ओल रोज लागते. २०२५ सालीही मेअखेर आलेला पाऊस पुढे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात रेंगाळला होता, हे ध्यानात ठेव.

मग वेळ ओळखायची कशी? मृगाचे, म्हणजे ७-८ जूननंतरचे, दोन-तीन जोरदार पाऊस होऊ दे. वीतभर खणून खालची माती मुठीत दाब. गोळा झाला आणि तो खाली टाकल्यावर फुटला, म्हणजे वाफसा आहे. माती हाताला चिकटली तर एक दिवस थांब, भुगा झाला तर पुढच्या पावसाची वाट बघ. दुसरी खूण त्याहून सोपी आहे. गेल्या साली बांधावर आपोआप झडलेलं बी जेव्हा सगळीकडे एकसारखं उगवतं, तेव्हा तुझ्या बियाचीही वेळ झालेली असते. बांधासारखं खरं पंचांग नाही.

फार थांबूही नकोस. आर्द्रा सरून पुनर्वसूचा तरणा पाऊस लागला, की आपल्या उतारावर पाणी माती घेऊन धावतं. एका साली मी जुलैत बी टाकलं. माळ उघडाच राहिला आणि गवत उगवलं खालच्या खाचरात. माझंच गवत मला भातातून बेणून काढावं लागलं. मृगाचा मध्य ते आर्द्रेचा शेवट, एवढीच खरी खिडकी.

अडचण अशी की तेच दिवस भाताच्या पेऱ्याचे. राबावर दाणा टाकायचा, बांध धरायचे, घरातला एकही हात मोकळा नसतो. गवत मागे पडतं ते याच ओढाताणीत. म्हणून गवताचं काम वैशाखातच उरकून ठेव. माळाचे दगड वेच, उताराला आडव्या उथळ सऱ्या ओढ, बी मोजून पिशव्या भर. मग वाफसा आला की अर्ध्या दिवसात पेरा होतो.

बियाची तयारी त्याहून आधीची, दसऱ्याची. रोह्याच्या ग्रामदैवताची, धावीर महाराजांची पालखी झाली की पुढे दिवाळीपर्यंत गवताची कणसं पिकू लागतात. कणीस हातात चोळल्यावर बी सुटलं तर ते पिकलं. सावलीत सुकव आणि कोरड्या जागी पोत्यात ठेव. ताजं गवताचं बी नीट उगवत नाही, त्याला काही महिन्यांची झोप लागते. दसरा ते मृग हे आठ महिने त्या झोपेला पुरतात. मे महिन्यात शंभर बिया मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळ. आठ-दहा दिवसांत किती मोड आले ते मोज. निम्म्याहून कमी आले, तर बी दाट टाक.

पेरताना बी हलकं, वाऱ्यावर उडणारं. मूठभर बियात दहा मुठी नदीची वाळू मिसळ, म्हणजे हात एकसारखा चालतो. सकाळी वारा पडलेला असताना टाक आणि वरून काट्याची फांदी ओढ. नखाएवढी माती पुरे, खोल गेलेलं बी वर येत नाही. सोबत स्टायलो पेर. शेंगवर्गातलं ते, जमिनीला नत्र देतं आणि चाऱ्याला कस आणतं. त्याचं कवच कठीण, म्हणून ऐंशी अंश तापलेल्या पाण्यात चार मिनिटं ठेवून मग सुकव.

संकरित नेपियरचं बी कोणी विकू लागलं तर घेऊ नकोस. ते कांडीने लावायचं असतं. ओलीची जागा असेल तिथे पॅरा गवताच्या वेलीचे तुकडे खोच. कालव्याचं पाणी मिळत असेल तर नेपियर थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारीअखेरही लावता येतं. परदेशातला तुझा भाऊ सांगेल की तिकडे गवत शरदात पेरतात. त्याचं खरंच आहे, पण तिकडचं गवत गारव्याचं. आपलं मारवेल, दीनानाथ उबेचं. त्याला भर थंडीत पेरलं तर ते रुसून बसतं.

पहिल्या साली गुरं आत सोडू नकोस. कोवळं रोप दाताबरोबर मुळासकट येतं. फुलोरा येताना कापून भारा घरी आण, तेव्हाच चारा गोड असतो. एक पट्टी मात्र न कापता बियाला राख. आणि माघ-फाल्गुनात वणव्याची वाट तोडायला माळाभोवती जाळपट्टा साफ ठेव, नाहीतर झडलेलं बी भाजून जाईल.

आता पुढच्या जूनमध्ये मला तारीख विचारायला फोन करू नकोस. बांधावर काय उगवलंय, ते सांगायला कर.