डेव्हलपरचे पुनर्भरण

१९१२ साली दादासाहेब फाळके इंग्लंडहून परतले आणि त्यांचे दादरचे राहते घरच चित्रपटाची प्रयोगशाळा बनले. फिल्मला छिद्रे पाडणे व ती धुणे ही कामे सरस्वतीबाईंनी शिकून घेतली. घरातल्या डार्करूमची ही परंपरा आपल्याकडे इतकी जुनी आहे. तिच्यातील एक धडा येथे मांडतो.

प्रकाश लागलेल्या सिल्व्हर ब्रोमाइडचे डेव्हलपर काळ्या चांदीत रूपांतर करतो. या क्रियेत त्यातील मेटॉल व हायड्रोक्विनोन खर्च होतात, द्रवाचा अल्कधर्म घटतो आणि फिल्ममधून सुटलेले ब्रोमाइड साचून पुढील क्रिया मंदावते. म्हणून तोच द्रव नुसता वापरत राहिल्यास प्रत्येक रोल आधीच्याहून फिका उतरतो.

कोडॅकने १९२७ च्या सुमारास चलचित्रांसाठी काढलेल्या डी-७६ चे उदाहरण घेऊ. त्याच्या एका लिटरात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम व बोरॅक्स २ ग्रॅम असते. डी-७६ आर या पूरक द्रवात सल्फाइट तेवढेच. मेटॉल ३, हायड्रोक्विनोन ७.५ आणि बोरॅक्स २० ग्रॅम. जे खर्च झाले तेच वाढवून दिलेले आहे.

कृती सोपी आहे. ३६ चित्रांचा एक रोल धुतल्यावर लिटरच्या बाटलीत प्रथम ३० मिलिलिटर पूरक द्रव घालावा, मग वापरलेल्या डेव्हलपरने ती गळ्यापर्यंत भरावी. उरलेला द्रव टाकून द्यावा. त्यासोबत थोडे ब्रोमाइडही जाते. घातलेला पूरक द्रव एकूण एक लिटर झाला की नवा डेव्हलपर करावा. पाणी मिसळून पातळ केलेला द्रव मात्र एकदाच वापरावा. आपल्याकडील उन्हाळ्यात बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवून तापमान २० अंश सेल्सिअसवर आणावे. प्रत्येक रोलची नोंद वहीत करावी.

ही वही मी उशिरा सुरू केली. तरुणपणी देऊळघाटच्या न्हाणीघरात काटकसर म्हणून एकच डेव्हलपर मी पुनर्भरणाविना वापरीत राहिलो. त्यातच एका वसतिगृहाच्या स्वयंपाकीण मावशींचा फोटो धुतला. निगेटिव्हवर लुगड्याचा काठ उमटला, चेहरा जेमतेम. पुन्हा काढू म्हटले. पुढच्या वर्षी मावशी नव्हत्या. त्यांचे दुसरे छायाचित्र कोणाकडेच नाही.