बोलता येस का?

बेटा, काल तू १६०० मीटर जीव तोडून पळालास. आज हळू पळायचंय. पोलीस भरतीच्या पोरांना हेच सगळ्यात जड जातं. जळगावात मेहरूण तलावाच्या रस्त्यावर पहाटे जा, नाहीतर धुळ्याला नकाणे तलावाकडे. रोज तीच पोरं, रोज छाती फुटेस्तोवर पळणं. ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत आलं की २० पैकी २० गुण, हे डोक्यात इतकं घट्ट बसलेलं असतं की हळू पळालं तर दिवस वाया गेला असं वाटतं.

माझे आजोबा नांगरटीच्या दुसऱ्या दिवशी बैलांना दावणीला बांधून ठेवत नसत आणि पुन्हा नांगरालाही जुंपत नसत. चाऱ्याच्या गाडीला जुंपायचे. चालता चालता बैलाच्या बरगड्यांकडे बघायचे. भाता जोरात हलायला लागला की कासरा सैल सोडायचे. तुझं आजचं पळणं ही चाऱ्याची गाडी आहे. कालच्या पळण्यानं पोटऱ्यांच्या आत बारीक बारीक इजा झाली आहे, ती भरून यायला वेळ लागतो. आज पायांची सवय टिकवायची, दमसास थोडा वाढवायचा आणि त्या इजेत भर घालायची नाही.

हळू म्हणजे किती, हे घड्याळाला विचारू नकोस. आमचे कवायतीचे सर सायकलवर बाजूनं यायचे आणि मध्येच विचारायचे, “काय रे, बोलता येस का?” पोरगं नुसतं “हो” म्हणालं की समजायचं, वेग जास्त झाला. काल मार्केटमध्ये कपाशीला काय भाव निघाला, घरी कोण पाहुणे आले, हे सगळं न अडखळता सांगता आलं तर वेग बरोबर. पुढे वाचनात आलं की स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी १९६० च्या दशकात याचीच मोजपट्टी केली. श्रम किती वाटतात ते माणसानं स्वतः ६ ते २० मध्ये सांगायचं, आणि त्या आकड्याला दहानं गुणलं की नाडीचा साधारण अंदाज येतो. तुला एवढं नको. शून्य म्हणजे खाटेवर पडलेला, दहा म्हणजे कालचा शेवटचा फेरा, असं धर. आज तीन. चढावर चार झाला तर पाऊल आखूड कर, लाज न बाळगता चाल.

आपल्याकडे हे जास्त जपावं लागतं, कारण वैशाखात पारा पंचेचाळीसवर जातो. अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे धावतं, म्हणून हृदयाला त्याच वेगासाठी जास्त ठोके द्यावे लागतात. जानेवारीत जो वेग तीन वाटत होता, तोच मे महिन्यात सहा वाटेल. घड्याळ तोच आकडा दाखवेल, पण श्वास खरं सांगेल. तेव्हा श्वासाचं ऐक, आणि ऊन चढायच्या आत घरी ये.

डांबरावर कमी पळ. पावसाळ्यात काळ्या मातीत शिरू नकोस, बुटाला ढेकळं चिकटून पाय जड होतो; मुरमाची वाट धर. अर्धा तास पुरे.

आता पायाची ती दुखणारी नळी दाखव. मी विशीत असताना हे दुखणं अंगावर काढलं आणि एक अख्खी भरती हुकली, म्हणून म्हणतो. हाडाच्या आतल्या कडेनं अंगठा दाबत खाली ये. वीतभर पट्टा सगळीकडे सारखा दुखत असेल तर पळणं कमी करायचं, दोन-चार दिवस सायकल चालवायची. पण एकाच जागी, रुपयाच्या नाण्याएवढ्या ठिकाणी, कळ डोळ्यांत पाणी आणत असेल, रात्री पडल्यापडल्याही ठणकत असेल, तर हाडाला चीर पडण्याची भीती असते. तेव्हा हळूही पळायचं नाही, सरळ हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं. मैत्रिणींनाही सांग, त्यांची दौड ८०० मीटरची असली तरी नळी तीच असते.

तुझी तशी नाहीये, नुसती ओढलेली आहे. आल्यावर दोन केळी आणि कळण्याची भाकरी खा. बूट बांध. केळीच्या मळ्याकडच्या वाटेनं निघू, मी सायकल काढतो.