पोळीविना युरोप, तोही एकटीने!

गेल्या वर्षी मे महिन्यात कॉलेज रोडवरचे एक गृहस्थ मुलीला घेऊन दवाखान्यात आले. "डॉक्टर, ही एकटीच तीन आठवडे युरोपला निघाली आहे. तुम्हीच समजवा हिला." मुलगी शेजारी बसून हसत होती. वय सव्वीस. ती एकटी जाणार याची वडिलांना फारशी काळजी नव्हती, काळजी होती ती खाण्याची. तिला सीलिॲक आजार आहे.

या मुलीच्या बाबतीत माझी चूक झाली होती, ती आधी सांगतो. शाळेत असताना ती फिकट दिसे, पोट फुगे, अधूनमधून जुलाब होत. मी जंताचे औषध व लोहाच्या गोळ्या दिल्या. हिमोग्लोबिन थोडे चढे, पुन्हा उतरे. यात दोन वर्षे गेली. गोळ्या नियमित घेऊनही रक्त वाढत नसेल, तर आतडे लोह शोषून घेते की नाही हे पाहायला हवे होते. अखेर रक्ततपासणी आणि दुर्बिणीतून घेतलेला लहान आतड्याचा तुकडा यांवरून निदान झाले.

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणकेला चिवटपणा येतो तो त्यामुळेच. या रुग्णांच्या पोटात ग्लुटेन गेले, की शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अन्नरस शोषणारे सूक्ष्म अंकुर झिजून सपाट होतात. यावर उपाय एकच, आयुष्यभर ग्लुटेन वर्ज्य!

या पथ्याचा पायाही युरोपातच घातला गेला. हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना या मुलांच्या आजाराचा गव्हाशी संबंध असावा असा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात महायुद्धामुळे तिथे उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. त्या काळात ही मुले सुधारली आणि पाव पुन्हा मिळू लागताच आजार उलटला. डिके यांनी १९५० साली आपला प्रबंध सादर केला.

म्हणून मी वडिलांना म्हटले, "अहो, जाऊ द्या तिला. फक्त तयारी नीट करू." युरोपीय संघात 'ग्लुटेनमुक्त' म्हणून विकायच्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. डिसेंबर २०१४ पासून उपाहारगृहांनाही पदार्थात ग्लुटेनयुक्त धान्य आहे का, याची माहिती द्यावी लागते. पाकिटावर काट मारलेल्या गव्हाच्या ओंबीचे चिन्ह असेल, तर ओळखणे आणखी सोपे.

आम्ही केलेली तयारी अशी :

१) विमान कंपनीला ग्लुटेनमुक्त जेवणाची सूचना दोन-तीन दिवस आधी, जातानाची आणि येतानाचीही.

२) आजाराबद्दल माझे इंग्रजीतले पत्र. प्रवासविमा घेताना आजार लपवला नाही.

३) प्रत्येक देशाच्या भाषेत एक चिठ्ठी : "मला गहू, जव, राय चालत नाही. कणभरही नको. भांडी व तेल वेगळे हवे." शिवाय चार शब्द पाठ केले : इटलीत 'सेन्झा ग्लूटिने', फ्रान्समध्ये 'सां ग्लुतेन', जर्मनीत 'ग्लूटेनफ्राय', स्पेनमध्ये 'सिन ग्लूतेन'.

४) सोबत राजगिऱ्याचे लाडू, पोह्यांचा चिवडा आणि गहू न घालता केलेली भाजणी. नेहमीच्या भाजणीत बहुधा गहू असतो. बाजारच्या पुष्कळ हिंगांतही गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, म्हणून चिवडा बिनहिंगाचा. पेढे, तूप असे दुधाचे पदार्थ युरोपात नेऊ देत नाहीत, ते घरीच ठेवले.

५) शक्य तिथे स्वयंपाकाची सोय असलेली खोली. तांदूळ, बटाटे, अंडी, फळे कुठेही मिळतात.

परत आल्यावर ती भेटायला आली. इटलीत तांदळाचा रिसोटो आणि मक्याचा पोलेंटा विचारून-विचारून खाल्ला, म्हणाली. एकदाच फसगत झाली. एका छोट्या गावात बटाट्याचे तळलेले काप घेतले. बटाट्यात गहू कुठला, म्हणून चिठ्ठी दाखवली नाही. त्याच कढईत मैद्याचे आवरण लावलेले पदार्थ तळले जात होते. पुढचे दोन दिवस खोलीतच गेले.

मग ती म्हणाली, "डॉक्टरकाका, तिकडे 'नको' म्हटलं की कोणी दुसऱ्यांदा आग्रह करत नाही. आपल्याकडे मात्र, 'अगं, एवढ्याशा पुरणपोळीनं काय होतंय?' असं प्रत्येक लग्नात ऐकावं लागतं."

वाचकहो, त्या 'एवढ्याशा'नेच आतडे पुन्हा सोलपटते. प्रत्येक वेळी पोट दुखेलच असे नाही, पण आत नुकसान होत राहते, हाडे ठिसूळ होतात, रक्त उतरते. आपल्या घरी असा पाहुणा आला, तर आग्रह करू नका. स्वच्छ तव्यावर, वेगळ्या परातीत मळलेली ज्वारीची, बाजरीची किंवा नाचणीची भाकरी करून वाढा. पीठ मात्र गहू दळलेल्या गिरणीतले नको.

आणखी एक. हे वाचून कोणी स्वतःच गहू सोडू नये. तपासणीआधी गहू बंद केला, तर आजार असूनही अहवाल चांगला येऊ शकतो. जुनाट जुलाब, गोळ्यांना दाद न देणारा रक्तक्षय, वाढ खुंटलेले मूल घरात असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा आणि सीलिॲकबद्दल विचारा. मी दोन वर्षे उशीर केला, तुमच्याकडून तो होऊ नये.