आकडा एकट्याने वाचू नका

पाथर्डीकडच्या आमच्या गावात पोराचा गुडघा दुखला की खेळताना मुरगळला असेल म्हणतात आणि चोळायला नेतात. माझ्या थोरल्या भावाच्या मुलाचं तेच झालं. दहावीतला कबड्डीचा गडी. गुडघ्याच्या वर सूज, रात्री झोपू न देणारा ठणका. नगरला एक्स-रे काढला तेव्हा मांडीच्या हाडाचं खालचं टोक पोखरलेलं दिसलं. ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर. वयात येणाऱ्या मुलांना तो बहुधा गुडघ्यापाशीच होतो. रात्री ठणकणारा गुडघा चोळू नका, एक्स-रे काढा.

रक्तात अल्कलाइन फॉस्फेटेज चार आकडी आलं. कुणीतरी मोबाइलवर पाहून सांगितलं, "पोरगं हातचं गेलं." त्या रात्री वहिनींनी चूल पेटवली नाही. हे एन्झाइम हाड घडवणाऱ्या पेशींतून येतं, उंची वाढणाऱ्या मुलात ते मुळातच जास्त असतं. या आजारात ते फार वाढलेलं असलं तर धोका जास्त, हे खरं, रक्तातल्या एलडीएच या दुसऱ्या एन्झाइमचंही तसंच. पण त्याहून मोठा प्रश्न छातीच्या सीटी स्कॅनचा असतो. फुफ्फुसात गाठी नसतील तर केमो आणि ऑपरेशन पूर्ण केलेल्या शंभरांतली साधारण साठ-सत्तर मुलं पाच वर्षांनंतरही आपल्यात असतात. गाठी असतील तर वीस-तीस. त्या रात्री हे सांगणारं घरात कुणी नव्हतं.

जवळच्या एका दवाखान्यात लगेच बायोप्सी करू, म्हणजे गाठीचा तुकडा सुईने काढून तपासू म्हणाले. ओळखीच्या डॉक्टरांनी अडवलं, ते बरं झालं. सुईच्या वाटेवर रोगाच्या पेशी राहू शकतात, ती वाटही ऑपरेशनमध्ये गाठीबरोबर काढावी लागते. सुई भलतीकडून गेली तर वाचणारा पाय जाऊ शकतो. जिथे ऑपरेशन, तिथेच बायोप्सी. आम्ही परळला टाटा हॉस्पिटल गाठलं.

तिथे शेजारच्या मुलीला युइंग सार्कोमा हा हाडाचा दुसरा कॅन्सर होता. तिची ईडब्ल्यूएसआर१ जनुकाची तपासणी झाली, कारण आजार कोणता हे त्यावरून पक्कं होतं. ऑस्टिओसार्कोमात निकाल लावणारं असं एकच जनुक नाही. म्हणून महागड्या जीन तपासणीचे पैसे भरण्याआधी विचारा, याने उपचार बदलणार आहे का? घरात कमी वयात कॅन्सर झालेले बरेच असतील तर मात्र टीपी५३ या जनुकाची तपासणी करायची का, हे स्वतःहून विचारा.

ऑपरेशननंतरचा रिपोर्ट नीट वाचून घ्या. आधीच्या केमोने गाठ नव्वद टक्के किंवा जास्त मेली असेल तर आशा वाढते. आमच्या पोराची तेवढी मेली होती. कमी मेली तरी उपचार सोडायचे नसतात. आम्ही पाहिलेले काही आईबाप तिथेच खचून गावी परतले, ते आठवलं की अजून पोटात तुटतं.