कोजागरीला विंडोज, दिवाळीला देवयानी

दुर्बिणीच्या कॉम्प्युटरवर नवी विंडोज कधी चढवायची, हे पंचांग बघून ठरवावं. मुहूर्तासाठी नव्हे, चंद्रासाठी.

आमचं तिसगाव पाथर्डी तालुक्यातलं, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतलं. पाऊस बेताचाच, पण आभाळ जूनपासून भरलेलं ते परतीचा पाऊस जाईपर्यंत. त्यात नवरात्रात मोहटादेवीला निघालेल्या गाड्यांचे दिवे कल्याण-विशाखापट्टणम महामार्गावर रात्रभर चालू. मग येते कोजागरी. आभाळ धुतलेलं, पण चांदणं इतकं की देवयानी दीर्घिकेचा फोटो काढायला बसणं म्हणजे दिवसा काजवे धरणं. आणि बरोबर पंधरा दिवसांनी लक्ष्मीपूजनाची अमावस्या, जिच्यावर आमचा सगळा हंगाम उभा. या मधल्या पंधरवड्याचा पहिला आठवडा अपग्रेडचा. अमावस्येच्या आठवड्यात कॉम्प्युटरला हात लावू नये, हा आमचा एकमेव पक्का नियम. २०२६ साली कोजागरी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आहे आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला.

आपल्याच अक्षांशावर, इथून साधारण शंभर किलोमीटर पश्चिमेला खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. रेडिओलहरींना ना ढगाची अडचण ना चांदण्याची, त्यामुळे त्यांचं वेळापत्रक वेगळं. आपण गच्चीवरची माणसं.

पहिलं काम: करायचं की नाही ते ठरवा

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेटची जी वाढीव सोय मिळाली ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. तरी घाबरून लगेच उडी मारायची गरज नाही. तुमचा लॅपटॉप फक्त दुर्बिणीला जोडला जात असेल, नेटला कधीच लागत नसेल आणि सगळं सुरळीत चालत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: आणखी एक हंगाम तसाच काढा. पण त्याच लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार होत असतील, मुलं ऑनलाइन फॉर्म भरत असतील, किंवा नव्या कॅमेऱ्याचा ड्रायव्हर जुन्या विंडोजवर बसत नसेल, तर टाळाटाळ नको.

विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागतं, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ चालवलं की दोन मिनिटांत कळतं. सेकंडहँड बाजारात मिळणारे बरेच लॅपटॉप सहाव्या-सातव्या पिढीचे असतात. ते इथेच गळतात. अटी चुकवून विंडोज बसवायच्या युक्त्या आहेत, पण रात्री दोन वाजता माळावर बसून ज्या यंत्रावर भरवसा टाकायचा, त्यावर युक्त्या नकोत. अशा लॅपटॉपला लिनक्स घाला. केस्टार्स, एकॉस आणि इंडी ही फुकट मंडळी तिथे माउंट, कॅमेरा, फोकसर सगळं सांभाळतात. फक्त फोटोचं सगळं सत्र चालवणारं विंडोजवरचं नीना तिथे मूळ रूपात चालत नाही, म्हणजे हात नव्याने बसवावा लागतो. तो वेगळा विषय.

दुसरं काम: वही

हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात मोलाचं. एक शंभर पानी वही घ्या. डिव्हाइस मॅनेजर उघडून कोणतं यंत्र कोणत्या कॉम पोर्टवर आहे ते लिहा: माउंट कॉम ४, फोकसर कॉम ६, जे असेल ते. ॲस्कॉम (यंत्रं आणि सॉफ्टवेअरमधला दुवा), नीना, पीएचडी२ (गायडिंगचं सॉफ्टवेअर), कॅमेऱ्याचा ड्रायव्हर, प्रत्येकाचा आवृत्ती क्रमांक लिहा. कॅमेऱ्याचा गेन आणि ऑफसेट. गायडिंगच्या दुर्बिणीची फोकल लेंग्थ. जागेचे अक्षांश-रेखांश (आमच्याकडे सुमारे १९ अंश उत्तर, ७५ अंश पूर्व) आणि उंची. लिहायचा कंटाळा असेल तर मोबाइलने स्क्रीनचे फोटो काढा, पण ते फोटो त्याच लॅपटॉपवर ठेवू नका. हसू नका, लोक ठेवतात.

मग सेटिंगच्या फायली. पीएचडी२ मध्ये प्रोफाइल एक्स्पोर्ट करायची सोय मेनूतच आहे. नीनाची प्रोफाइल्स युजरच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये, लोकलच्या आत नीना नावाच्या फोल्डरात असतात. अख्खं फोल्डर उचला. माउंटच्या ड्रायव्हरमधली पार्क पोझिशन आणि पीईसीची (माउंटच्या आवर्ती चुकीच्या दुरुस्तीची) नोंद विसरू नका. फोटोतले तारे ओळखून दिशा सांगणाऱ्या ॲस्टॅपचा ताऱ्यांचा डेटाबेस शेकडो एमबीचा आहे. मोबाइलच्या नेटवर तो पुन्हा उतरवण्यापेक्षा पेनड्राइव्हवर ठेवलेला बरा. त्याच पेनड्राइव्हवर सगळ्या ड्रायव्हरच्या इन्स्टॉल फायली, नव्या आणि सध्या चालू असलेल्या जुन्यासुद्धा. नवा ड्रायव्हर दर वेळी चांगलाच निघतो असं नाही.

तिसरं काम: जुनी एसएसडी डबीत

बॅकअपचे दहा प्रकार लोक सांगतात. मी एकच सांगतो. नवी एसएसडी विकत घ्या, जुनीची हुबेहूब नक्कल तिच्यावर करा, नक्कल लॅपटॉपमध्ये बसवा आणि अपग्रेड नक्कलेवर करा. मूळ एसएसडी डबीत बंद. काही बिघडलं तर चार स्क्रू काढायचे, जुनी परत लावायची, आणि अर्ध्या तासात तुम्ही कालच्या जागी. नक्कल करायला क्लोनझिला फुकट मिळतं. विंडोजचं डिजिटल लायसन्स मदरबोर्डाशी बांधलेलं असतं, त्यामुळे डिस्क बदलल्याने ते जात नाही.

त्याआधी एक तपासा: डिस्कवर बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे का? असेल तर रिकव्हरी की आधी वहीत उतरवून घ्या, आणि नक्कल करण्यापूर्वी किंवा बायोसमध्ये टीपीएमला हात लावण्यापूर्वी एन्क्रिप्शन काढून टाका. ४८ आकडी की हातात नसताना निळा पडदा समोर आला की माणूस देवाचं नाव घेतो. पण आमचा वृद्धेश्वर महादेवही ती की सांगत नाही.

एसएसडी मदरबोर्डावरच चिकटवलेली असेल, तर बाहेरच्या हार्डडिस्कवर पूर्ण इमेज घ्या. काढलेले फोटो तर काहीही झालं तरी वेगळ्या डिस्कवर हवेतच.

चौथं काम: प्रत्यक्ष अपग्रेड

हे आता सोपं. विंडोज ११ ची फाइल काही जीबींची आहे. नगरला किंवा पाथर्डीला कोणाच्या वायफायवर ती ८ जीबीपेक्षा मोठ्या पेनड्राइव्हवर उतरवून आणा. लॅपटॉपला जोडलेलं सगळं काढा: माउंट, कॅमेरा, फोकसर, यूएसबी हब. बाहेरून आणून बसवलेला अँटिव्हायरस असेल तर काढून टाका. डिस्कवर ३० जीबी तरी मोकळे ठेवा. सेटअप चालवा, ‘फायली आणि ॲप्स ठेवा’ हा पर्याय निवडा आणि जेवायला जा. दीड-दोन तास लागू शकतात.

लाइटचं मात्र बघून घ्या. लॅपटॉपची बॅटरी बरी असेल तर चिंता नाही. पण बरेच जण आता माउंटच्या पायाशी छोटा मिनी पीसी बांधतात, त्याला बॅटरी नसते. लाइट कधी जाईल याचा नेम नसलेल्या वस्तीवर तो इन्व्हर्टरवर घेतल्याशिवाय सेटअपचं बटण दाबू नका.

पाचवं काम: विंडोजला झोपू न देणं

नवी विंडोज आली की ती शहाणपणा करायला लागते. वीज वाचवते, मध्येच झोपते, यूएसबीची वीज तोडते, अपडेट आलं म्हणून स्वतःच बंद-चालू होते. पाहुणीला घरच्या रीती आधी सांगाव्यात, तसं ॲस्ट्रोचं एकही सॉफ्टवेअर उघडण्याआधी हे करा. स्लीप ‘कधीच नाही’. झाकण मिटलं तरी ‘काही करू नका’. पॉवर प्लॅनमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली खूण काढलेली. फास्ट स्टार्टअप बंद. अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतात, म्हणजे दिवाळी पार पडते. ॲक्टिव्ह अवर्स संध्याकाळी ५ ते सकाळी ८. फोटोंचं फोल्डर डिफेंडरच्या तपासणीतून आणि सर्च इंडेक्समधून वगळा, नाहीतर प्रत्येक फ्रेम उतरली की तिची झडती सुरू. डॉक्युमेंट्सचं फोल्डर वनड्राइव्हकडे गेलं नाही ना, तेही बघा. ते गेलं असेल तर तुमच्या मोबाइलचा डेटा पहाटेपर्यंत संपतो.

रीजनमध्ये ‘इंग्रजी (भारत)’ ठेवा. माउंट आणि कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरना दशांशाच्या जागी साधं टिंब आणि इंग्रजी आकडे लागतात. मराठीचा अभिमान इतरत्र मिरवू.

सहावं काम: ड्रायव्हर, एकेक करून

आधी ॲस्कॉम प्लॅटफॉर्म. मग माउंटच्या केबलचा ड्रायव्हर, मग माउंटचा, कॅमेऱ्याचा, फोकसरचा. सगळ्यात शेवटी नीना, पीएचडी२ आणि ॲस्टॅप. प्रत्येक यंत्र एकटं जोडायचं, चालतं का बघायचं, मगच पुढचं. सगळी एकदम जोडली की भांडण कोणाचं ते कळत नाही.

अडायची जागा बहुतेक वेळा केबलची असते. माउंटच्या स्वस्त यूएसबी-सिरियल केबलमध्ये प्रोलिफिकची जुनी पीएल२३०३ चिप असली, तर विंडोज ११ तिला घेत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ही चिप २०१२ पासून बंद झाल्याचा संदेश दिसतो. केबल तुटलेली नसते, लाइट लागलेला असतो, आणि माणूस तासभर माउंटच उघडून बसतो. एफटीडीआय चिपची केबल घ्या आणि मोकळे व्हा. दुसरी जागा म्हणजे कोअर आयसोलेशनमधलं ‘मेमरी इंटिग्रिटी’. ते चालू असेल तर काही जुने ड्रायव्हर गुपचूप अडवले जातात. ते बंद करण्याआधी नवा ड्रायव्हर निघालाय का बघा.

कॉम पोर्टचे आकडे बदललेले असतील तर पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन वहीतले जुने आकडे परत द्या. आणि लॅपटॉपच्या प्रत्येक यूएसबी भोकाशेजारी चिकटपट्टीवर यंत्राचं नाव लिहून टाका. भोक बदललं की पुष्कळदा आकडाही बदलतो.

सातवं काम: घरात, उजेडात

दुर्बीण गच्चीवर नेऊ नका. टेबलावर सगळं जोडा, कॅमेऱ्याला झाकण लावा आणि नीनावरून २० डार्क काढा. जुन्या डार्कशी त्यांची सरासरी पातळी ताडून बघा. फरक पडला असेल तर ड्रायव्हरने ऑफसेट बदललाय, जुन्या डार्कची लायब्ररी या हंगामात वापरू नका. पीएचडी२ तासभर नुसतं फिरवत ठेवा. कॅमेरा मध्येच सुटतो का ते इथेच कळतं. गेल्या वर्षीची मृगातल्या तेजोमेघाची एखादी फाइल ॲस्टॅपमध्ये उघडून सॉल्व्ह करा. ती सुटली म्हणजे ताऱ्यांचा डेटाबेस जागेवर आहे.

आता वेळ. इथे मी स्वतः आपटलोय. एका अपग्रेडनंतर टाइम झोन बघायचा राहिला, मी ‘गो टू’ दाबलं आणि दुर्बीण थेट तिपाईच्या पायावर जाऊन बसली. फोकसरचा नॉब वाकला तो वाकलाच. चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासून ताळा असा करतो: नीनात दाखवलेलं आकाश स्टेलेरियममधल्या आकाशाशी जुळतं का? साडेपाच तासांची गफलत असेल तर आकाश सुमारे ८२ अंशांनी फिरलेलं दिसतं, म्हणजे ग्रीनिचची वेळ आपली समजली गेली. दुसरा ताळा सूर्याचा. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आणि तिसगाव ७५ वर, त्यामुळे इथे सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी साडेबाराच्या सुमारास. सॉफ्टवेअर बरोबर बाराला म्हणत असेल तर रेखांश तपासा.

आठवं काम: चांदण्यातली तालीम

आता गच्ची. खाली दूध आटतंय, वर तुम्ही. ध्रुव आपल्याकडे उत्तर क्षितिजावर जेमतेम १९ अंशांवर, आणि तेवढ्यात कोणाचं पाण्याच्या टाकीचं बांधकाम आडवं येतं. तसं असेल तर नीनाचं तीन बिंदूंचं पोलर अलाइनमेंट वापरा, त्याला ध्रुव दिसायची गरज नाही. पहिल्या ‘गो टू’च्या वेळी हात माउंटच्या स्विचवर. पीएचडी२ चं कॅलिब्रेशन जुनं वापरू नका, नव्याने करा. कृत्तिका उंच चढल्या की त्यांच्यावर दहा फ्रेम घ्या; चांदण्यात त्या फिक्याच येणार, आपण फोटोसाठी आलेलो नाही. मध्यान्हरेषा ओलांडतानाची मेरिडियन फ्लिप जागं राहून डोळ्यांनी बघा, पूर्ण, एकदा तरी. नंतर पार्क करा आणि दुर्बीण वहीतल्या जागीच थांबते का बघा.

इथे काही जमलं नाही, तर विंडोजमध्येच रिकव्हरीतून मागे जायची सोय आहे, पण ती फक्त १० दिवस. म्हणून कोजागरीच्या आसपास अपग्रेड आणि त्याच आठवड्यात तालीम. डिस्क क्लीनअपने ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डर उडवलं तर तेही दार बंद.

डबीतली जुनी एसएसडी मात्र फाल्गुनात मढीची यात्रा होईपर्यंत पुसू नका.