गुडघ्यातला क्लिअरन्स

रविवारची दुपार, चिंचवडचं घर. मामा चाकणच्या एमआयडीसीत प्रेस शॉपमध्ये फिटर, भाची फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला. ताटात मटण, शेजारच्या खुर्चीवर एक्स-रेचं पाकीट.

मामा : डॉक्टर म्हणाले, गुडघ्यातली फट कमी झालीय. म्हणजे आमच्या भाषेत क्लिअरन्स गेला. ग्रीस संपलं असणार, दुसरं काय!

भाची : फिल्म जरा उजेडात धरा, मामा. वर मांडीचं हाड, खाली नडगीचं. मधे ही काळी पट्टी. तुम्ही तिला मोकळी जागा समजताय, पण तिथे तुमचा फीलर गेज सरकणारच नाही. ती जागा भरलेली आहे. आत कूर्चा आहे, फक्त एक्स-रेला ती दिसत नाही.

मामा : कूर्चा म्हणजे काय गं?

भाची : तुमच्या ताटात आहे की. त्या नळीच्या गोल टोकावरचं टोपण बघा. शिजून पांढरं पडलंय. कच्चं असताना निळसर असतं आणि काचेसारखं चकाकतं.

मामा : हे होय? हे तर आम्ही कुरकुर चावून खातो.

भाची : तीच काचकूर्चा. आपल्या बहुतेक मोठ्या सांध्यांत तिचा थर असतो 2 ते 4 मिलिमीटरचा. पण त्याच्यावर आयुष्यभर माणूस चालतो, आणि हे दोन थर एकमेकांवर घसरतात ते बर्फावर बर्फ घसरण्यापेक्षाही सहज.

मामा : म्हणजे आमचा रबरी बुश.

भाची : तिथेच गल्लत होते. बुश म्हणजे अंगभर एकच रबर. ही कूर्चा निम्म्याहून जास्त पाणीच असते. एका घट्ट विणलेल्या जाळीत सब्जा भरला आणि पाण्यात टाकला तर काय होईल? सब्जा फुगायला बघेल, जाळी त्याला आवळून धरेल, आणि सगळं मिळून टणक होईल. इथे जाळी कोलॅजनच्या धाग्यांची आणि सब्जाच्या जागी पाणी धरून ठेवणारे रेणू. वजन पडलं की थोडं पाणी बाहेर निघतं, वजन उतरलं की परत शिरतं.

मामा : मग झिजली तर शरीर नवीन का बनवत नाही? बोट कापलं तर भरतं की.

भाची : बोटाला रक्त आहे, हिला नाही. हिच्यात रक्तवाहिनी नाही, नस नाही. पेशी असतात, पण थोड्या, आणि एकेक आपल्या खळग्यात कोंडलेली. गेटवरच्या चौकीतल्या वॉचमनसारखी. मागे चोरी झाली तरी चौकी सोडून जाता येत नाही. विल्यम हंटर नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने 1743 सालीच लिहून ठेवलंय की एकदा नासलेली कूर्चा पूर्ववत होत नाही.

मामा : नस नाही म्हणतेस, मग रात्री ठणकतं ते काय?

भाची : खालचं हाड आणि सांध्याचं अस्तर. त्यांना नसा आहेत. कूर्चा मुकाट्याने झिजते, म्हणून दुखायला लागेपर्यंत बरंच काम होऊन गेलेलं असतं.

मामा : आणि कान? तोही असाच मऊ.

भाची : पिळा बघू. सोडला की जागेवर आला ना? ती लवचीक कूर्चा, तिच्यात ताणले जाणारे धागे जास्त. घास श्वासनळीत जाऊ नये म्हणून जे झाकण पडतं तेही तिचंच. तिसरी तंतुकूर्चा. काथ्याच्या दोरासारखी, जाड धाग्यांची, ओढ सोसणारी. मणक्यांमधल्या 23 गाद्यांची कडी तिची. मोशीच्या पुढे खड्ड्यात बस आदळली की तिच्यावरच येतं. गुडघ्यातही तिच्या दोन अर्धचंद्राकार चकत्या असतात. तुमच्या त्या फटीत म्हणजे दोन जातींचा माल आहे.

मामा : आणि नाकात?

भाची : काचकूर्चाच. बरगड्यांच्या पुढच्या टोकांना आणि श्वासनळीच्या कड्यांमध्येही तीच. नाकाची एक गोष्ट तर आपल्या पुण्याची आहे. टिपूच्या कैदेत कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक कापलं होतं. इथल्या एका कारागिराने कपाळाची कातडी उतरवून त्याला नवं नाक करून दिलं. 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये ती हकिगत छापून आली आणि युरोपातले सर्जन चकित झाले. आज नाक बांधताना आतल्या सांगाड्यासाठी बरगडीची कूर्चा काढून लावतात. तिला रक्त लागत नाही ना, म्हणून ती दुसऱ्या जागीही टिकते. गुडघ्यात जे नडतं तेच तिथे उपयोगी पडतं.

मामा : रक्त नाही, तर ती जगते कशावर?

भाची : सांध्यातल्या चिकट पाण्यावर. ते आत-बाहेर खेळतं दाबल्या-सोडल्याने. प्रेससमोर आठ तास एका जागी उभे राहता तेव्हा नुसता दाब असतो, सोडणं नसतं. जेवणाच्या सुट्टीत शेडला एक फेरी मारा, खुर्चीत बसून पाय सरळ-वाकडे करा. वजन कमी केलंत तर गुडघ्यावरचा भार पावलागणिक घटेल.

मामा : ते मेडिकलवाल्याने गोळ्या दिल्यात, ग्रीस वाढवायच्या.

भाची : घासलेला थर गोळीने परत जाड होतो असं सिद्ध झालेलं नाही. त्या पैशांत चांगले बूट घ्या. पण आधी एक सांगा, ही फिल्म झोपवून काढली की उभं करून?

मामा : झोपवून. का?

भाची : प्रेसचा क्लिअरन्स तुम्ही लोड नसताना मोजता का?

मामा : छे! तो खोटाच येईल.

भाची : मग डॉक्टरांना विचारून पुढची फिल्म उभ्याने काढून घ्या, दोन्ही गुडघ्यांची. आडव्या माणसाची फट असते त्याहून मोठी दिसू शकते.