सायकलचा डिस्क ब्रेक : स्वच्छता, निगा आणि दक्षता

बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेले येरमाळा हे धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यातील गाव येडेश्वरी देवीचे स्थान म्हणून महाराष्ट्राला सुपरिचित आहे. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेस आणि त्यानंतरच्या चुनखडी वेचण्याच्या सोहळ्यास दूरदूरचे भाविक येथे लोटतात. सोलापूरहून धुळ्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग गावावरून जातो. बार्शी आणि कळंबकडचे रस्तेही येथेच येऊन मिळतात. त्यामुळे रस्ता चढउताराचा आणि वाहतूक वर्दळीची, असे दुहेरी चित्र येथे दिसते. साखर कारखान्यांच्या गाळपाच्या दिवसांत उसाने भरलेल्या ट्रॉल्यांची त्यात भर पडते.

अशा रस्त्यांवरून सायकलने शाळेत जाणाऱ्या मुलामुलींची संख्या मराठवाड्यात मोठी आहे. मानव विकास कार्यक्रमामधून राज्याच्या मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू विद्यार्थिनींना सायकलीसाठी अर्थसाह्य दिले जाते. वस्तीवरची मुलगी माध्यमिक शाळेत टिकून राहावी, हा त्यामागील हेतू आहे. परंतु सायकल हाती आली म्हणजे काम संपले असे नव्हे. ती वेळेवर थांबते की नाही, हा प्रश्न ती चालते की नाही या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे.

सायकल बदलली, सवय मात्र जुनीच

एकेकाळी खेड्यापाड्यांत काळ्या रंगाची, लोखंडी दांड्यांच्या ब्रेकची भक्कम सायकल सर्वत्र दिसे. पुढे तारेवर चालणारे आणि रिमला रबरी गुटके लावणारे ब्रेक रूढ झाले. आजही बहुसंख्य सायकली याच प्रकारच्या आहेत. मात्र अलीकडे तालुक्याच्या गावी मिळणाऱ्या गिअरच्या सायकलींना डिस्क ब्रेक, म्हणजे तबकडीचा ब्रेक, सर्रास बसविलेला असतो. मुलांना त्याचे आकर्षण आहे आणि पालकही तो हौसेने घेऊन देतात.

ही कल्पना तशी जुनी आहे. इंग्लंडमधील अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये तबकडीच्या ब्रेकचे पेटंट घेतले. १९५३ साली फ्रान्समधील ल मान्सची प्रसिद्ध मोटार शर्यत असे ब्रेक असलेल्या जग्वार मोटारीने जिंकली आणि या ब्रेकची उपयुक्तता जगाच्या नजरेस आली. मोटारीवरून तो मोटारसायकलीवर व तेथून सायकलीवर आला. रस्त्यावरील सायकल शर्यतींत त्यास आंतरराष्ट्रीय संघटनेची पूर्ण मान्यता मिळण्यास मात्र २०१८ साल उजाडावे लागले.

साधन नवे आले, तरी त्याची निगा राखण्याची रीत जुनीच राहिली. सायकल कुरकुरली की तेल सोडावे, ही आपल्याकडील पिढीजात सवय. जुन्या सायकलीच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी योग्यही होती. डिस्क ब्रेकच्या बाबतीत मात्र हीच सवय जिवावर बेतू शकते. म्हणूनच या ब्रेकची रचना समजून घेणे अगत्याचे ठरते.

रचना आणि कार्य

चाकाच्या मध्यभागी, हबला, पोलादाची एक पातळ तबकडी घट्ट बसविलेली असते. बहुतेक सायकलींत तिचा व्यास १६० मिलिमीटर किंवा त्याच्या आसपास असतो. सायकलीच्या सांगाड्यावर किंवा पुढील फोर्कवर कॅलिपर नावाचा चिमटा असतो. तबकडी या चिमट्याच्या फटीतून फिरते. चिमट्याच्या आत दोन्ही बाजूंस एकेक पॅड असतो. हँडलवरील ब्रेक दाबला की पॅड तबकडीस दोन्हीकडून आवळतात आणि त्या घर्षणाने चाक थांबते.

पॅड दाबण्याचे दोन प्रकार आहेत. स्वस्त सायकलींत हे काम लोखंडी तार करते. महागड्या सायकलींत बंद नळीतील तेलाच्या दाबाने ते घडते. पहिल्या प्रकारास यांत्रिक व दुसऱ्यास द्रवचलित ब्रेक म्हणता येईल.

या ब्रेकचे दोन लाभ स्पष्ट आहेत. तबकडी जमिनीपासून उंच असल्याने चिखलपाण्यात ती रिमइतकी माखत नाही. पावसात रिमचा ब्रेक उशिरा पकडतो, हा अनुभव सर्वांचा आहे. शिवाय खड्ड्यात आदळून चाक थोडे 'आऊट' झाले, तरी तबकडीच्या ब्रेकवर त्याचा परिणाम होत नाही.

थांबण्याचे गणित

ब्रेक हे खरे पाहता गतीचे उष्णतेत रूपांतर करणारे यंत्र आहे. विद्यार्थी, दप्तर आणि सायकल मिळून ८० किलो वजन १०० मीटर उंचीवरून घाट उतरते असे समजू. या उतारात सुमारे ७८ हजार ज्यूल ऊर्जा मोकळी होते. साधारण पाव लिटर थंड पाण्याला उकळी आणण्यास एवढी ऊर्जा पुरते. त्यातील काही भाग वारा आणि टायर घेतात. परंतु सतत ब्रेक दाबून हळू उतरणाऱ्या सायकलीची बरीचशी उष्णता त्या दोन पातळ तबकड्यांवरच येते. म्हणून उताराच्या शेवटी तबकडीस हात लावू नये. हात चांगलाच भाजतो. लांब उतारावर ब्रेक अखंड दाबून न ठेवता, थोडा वेळ दाबून व सोडून वेग आवरावा. त्यामुळे पॅड व तबकडी थंड होण्यास अवधी मिळतो.

वेगाचेही गणित शिक्षकांनी विद्यार्थ्यांस फळ्यावर मांडून दाखविण्याजोगे आहे. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यानंतर थांबण्यास लागणारे अंतर चौपट होते. ताशी २० किलोमीटर वेगाची सायकल एका सेकंदात साडेपाच मीटर पुढे जाते. समोरची ट्रॉली दिसून हात ब्रेकवर दाबेपर्यंत एवढे अंतर सरलेलेच असते. त्यापुढे चांगला ब्रेक सायकलीस तीन-चार मीटरमध्ये थांबवितो. तोच ब्रेक तेलकट होऊन निम्म्या जोराने पकडू लागला, तर हे अंतर दुप्पट होते. अपघात होणे आणि टळणे यांत अनेकदा एवढेच अंतर असते.

खरा शत्रू : तेल

पॅडचा घर्षण करणारा थर सच्छिद्र असतो. त्यावर तेलाचा थेंब पडला की तो आत मुरतो आणि वरून पुसून निघत नाही. मग ब्रेक दाबताना कर्कश किंचाळ निघते आणि पकड ढिली पडते. आवाज आला म्हणून कोणी पुन्हा तेल सोडले, तर आवाज बंद होतो खरा. पण त्याबरोबर ब्रेकही बंद होतो. ही गोष्ट प्रत्येक पालकाने व गावातील प्रत्येक सायकल दुरुस्त करणाऱ्या कारागिराने मनावर ठसवून घ्यावी.

हे तेल येते कोठून? साखळीवर सोडलेले खोबरेल किंवा यंत्राचे तेल उडून येते. साखळी रॉकेल किंवा डिझेलने धुताना त्याचे शिंतोडे तबकडीवर पडतात. गंज सोडविण्याचा फवारा मारताना तो वाऱ्याने पसरतो. सायकल चकचकीत दिसावी म्हणून लावलेले पॉलिशही घात करते. फार काय, तेलकट बोटांचा नुसता स्पर्शही टाळलेला बरा. म्हणून साखळीस तेल देताना मागील तबकडीवर स्वच्छ कापड किंवा प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळावी, तेल थेंबथेंब सोडावे आणि जास्तीचे पुसून घ्यावे.

स्वच्छतेची पद्धत

रोजच्या वापरातील सायकलीची तबकडी पंधरवड्यातून एकदा आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा स्वच्छ करणे हितावह आहे. त्यासाठी महागड्या साधनांची आवश्यकता नाही.

प्रथम तबकडी पूर्ण थंड आहे याची खात्री करावी. चिखल असल्यास साध्या पाण्याने हलकेच धुवावा. मोटारी धुण्याच्या केंद्रातील जोरदार फवारा हबवर किंवा कॅलिपरवर मारू नये. त्याने बेअरिंगमधील ग्रीस निघून जाते. तबकडी कोरडी झाल्यावर धुतलेल्या, तेलाचा अंश नसलेल्या सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन दोन्ही बाजू पुसाव्यात. मोबाईल दुरुस्त करणारे कारागीर आतील भाग स्वच्छ करण्यास हाच द्रव वापरतात. त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणी तो सहज मिळू शकतो. कापडाची जागा वरचेवर बदलावी, अन्यथा एका जागचा मळ दुसरीकडे पसरतो. हा द्रव ज्वालाग्राही आहे. म्हणून चूल, दिवा वा विडी जवळ नसावी आणि काम मोकळ्या हवेत करावे. तबकडीच्या कडा व भोके धारदार असतात. चाक फिरत असताना तेथे बोट किंवा कापड कदापि नेऊ नये.

पॅडवर नुसती धूळ किंवा चकाकी आली असेल, तर चाक काढून पॅड बाहेर घ्यावेत आणि बारीक पॉलिश पेपरवर हलकेच घासावेत. ही धूळ तोंडाने फुंकू नये. ओल्या फडक्याने टिपावी. तेल मुरलेले पॅड मात्र बदलावेत. ते ज्योतीवर भाजून पुन्हा वापरण्याची युक्ती काही जण सांगतात. परंतु उष्णतेने घर्षणाचा थर पत्र्यापासून सुटण्याचा धोका असल्याने ती टाळणेच शहाणपणाचे होय.

झीज आणि जुळणी

पॅडच्या धातूच्या पाठपट्टीवरील थर अर्धा मिलिमीटर उरला की पॅड बदलावा. तो पूर्ण झिजल्यास लोखंडावर लोखंड घासून तबकडी खराब होते. नवी तबकडी साधारणतः १.८ मिलिमीटर जाड असते. ती १.५ मिलिमीटरपर्यंत झिजली की बदलण्याची वेळ आली असे समजावे. नेमकी मर्यादा अनेकदा तबकडीवरच कोरलेली असते.

नवे पॅड बसविताच सायकल थेट घाटात नेऊ नये. सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी १५ ते २० किलोमीटर वेग घ्यावा आणि चाक न अडकविता चालण्याच्या गतीपर्यंत ब्रेक लावावा. प्रत्येक ब्रेकसाठी असे सुमारे २० वेळा केले म्हणजे पॅडचा थर तबकडीवर सारखा बसतो व पूर्ण पकड येते.

चाक फिरताना एका बाजूस घासल्याचा आवाज सतत येत असेल, तर कॅलिपर मध्यावर नाही असे समजावे. त्याचे दोन बोल्ट एलन पान्याने थोडे सैल करावेत, हँडलवरील ब्रेक दाबून धरावा आणि त्याच स्थितीत बोल्ट आलटून पालटून आवळावेत. अनेक यांत्रिक ब्रेकमध्ये बाहेरचा एकच पॅड हलतो व आतील स्थिर असतो. तेथे आतील पॅड त्याच्या बाजूच्या स्क्रूने तबकडीच्या अगदी जवळ आणावा आणि मग तारेचा ताण बसवावा. तार विसकटली किंवा गंजली असेल, तर तुटण्याची वाट न पाहता बदलावी.

द्रवचलित ब्रेकमध्ये तेलाची जात महत्त्वाची आहे. काहींत खनिज तेल असते, तर काहींत मोटारीसारखे डॉट प्रतीचे द्रव असते. एकाच्या जागी दुसरे घातल्यास आतील रबर खराब होते. ब्रेक दाबताना लिबलिबीत लागू लागला, तर नळीत हवा शिरली असे समजून जाणकाराकडेच जावे. चाक काढलेले असताना हा ब्रेक दाबू नये. पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची जाड घडी ठेवावी, म्हणजे ते एकमेकांस चिकटून बसणार नाहीत.

शाळा आणि ग्रामपंचायतीचे कार्य

या कामी शाळा बरेच काही करू शकतात. कार्यानुभवाच्या तासास महिन्यातून एकदा 'ब्रेक तपासणी' ठेवावी. प्रत्येक विद्यार्थ्याने सायकल हाती धरून पुढे ढकलावी आणि पुढचा व मागचा ब्रेक स्वतंत्रपणे दाबून पाहावा. चाक अडले पाहिजे आणि दाबलेला ब्रेक हँडलच्या मुठीस टेकता कामा नये. तसेच चाकाचे नट व तबकडीचे बोल्ट घट्ट आहेत का, तेही पाहावे. रिमचे ब्रेक असलेल्या सायकलींत गुटक्यांची झीज पाहावी. गुटका टायरला घासत नसावा. हे सारे एका मिनिटात होते. मुलींनी ही तपासणी स्वतः केली, तर भाऊ किंवा वडील यांच्या सवडीची वाट पाहावी लागत नाही.

ग्रामपंचायतीने गावातील सायकल कारागिरास या चर्चेत आवर्जून सामील करून घ्यावे. त्याचा हात कुशल असतोच; गरज असते ती नव्या ब्रेकच्या माहितीची. शाळेत एक हातपंप, एलन पान्यांचा संच, स्वच्छ कापड आणि अल्कोहोलची एक बाटली एवढे साहित्य कुलूपबंद पेटीत ठेवावे. लोकवर्गणीतूनही हा खर्च सहज भागू शकेल. सायकल घेऊ इच्छिणाऱ्या पालकांनाही एक गोष्ट सांगावी. निकृष्ट डिस्क ब्रेकपेक्षा नीट निगा राखलेला साधा रिमचा ब्रेक केव्हाही अधिक भरवशाचा असतो.

गाव लहान असो वा मोठे, सायकलीने मुलांच्या शिक्षणाची वाट जवळ केली आहे. ती वाट सुरक्षित ठेवण्यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. स्वच्छ कापड, योग्य द्रव, एक मिनिटाची तपासणी आणि तबकडीपासून तेल दूर ठेवण्याची दक्षता एवढे पाळले, तर सकाळी शाळेला निघालेली सायकल संध्याकाळी सुखरूप घरी परतेल.